औषध होते, हात नव्हता

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आज डोकावले, तर शेवटच्या वर्षाची मुले वनस्पतींच्या अर्काची पट्टी बनवताना दिसण्याचा बराच संभव आहे. हळद, कडुनिंब, निर्गुडी, जे झाड वाट्याला आले असेल त्याचा अर्क काढायचा, तो एका चिकट द्रावणात मिसळायचा, काचेच्या बशीत ओतून वाळवायचा आणि कातडीवर चिकटेल असा पातळ पापुद्रा सोडवून घ्यायचा. मग काचेचे दोन कप्पे असलेले एक उपकरण येते. दोन कप्प्यांच्या मधोमध बोकडाच्या कानाची किंवा अशीच एखादी कातडी ताणून बसवतात. वर पट्टी, खाली क्षाराचे पाणी. त्या पाण्याला अंगाइतकी ऊब दिलेली आणि तळाशी एक चुंबकाची कांडी फिरत ठेवलेली. तासातासाला खालचे थोडे पाणी सुईने ओढून घ्यायचे आणि औषधाचा किती अंश कातडी ओलांडून पलीकडे आला ते मोजायचे. हे काम मी मन लावून पाहिले आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पोटातून घेतलेल्या कित्येक औषधांचा बराच भाग यकृतात नासतो. कातडीतून गेलेले औषध हळूहळू आणि सारखे रक्तात उतरते. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या पट्टीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली. तिच्यातले स्कोपोलामिन हे द्रव्य आपल्या उकिरड्यावर वाढणाऱ्या धोतऱ्यातही असते. तंबाखू सोडवणारी पट्टी तंबाखूतल्याच निकोटीनची असते. नसांच्या दुखण्यावरची एक पट्टी मिरचीच्या तिखटपणातून आलेली आहे. तरीही कातडी सगळ्यांना आत घेत नाही. रेणू लहान हवा, सुमारे पाचशे डाल्टनच्या आतला; त्याला तेल आणि पाणी दोन्ही थोडेथोडे मानवले पाहिजे; आणि चिमूटभर मात्रेतच त्याचे काम भागले पाहिजे. त्यामुळे झाडपाल्याच्या अर्कात असलेल्या शेकडो द्रव्यांपैकी फारच थोडी ती वेस ओलांडतात.

हे सगळे ऐकून समाधान वाटते, आणि तिथेच मन अडते. वनस्पतीचे सत्त्व कातडीवाटे माणसापर्यंत पोचवावे ही कल्पना आपल्याला परक्यांनी शिकवलेली नाही. लेप, उटणे, अभ्यंग, पोटीस, एरंडाचे पान तापवून बांधणे हे वऱ्हाडातल्या घराघरात आजी-पणजीपासून चालत आले आहे. कातडी हे औषधाचे दार आहे हे ज्या समाजाला इतके जुने ठाऊक होते, त्या समाजाने कातडीचा रोग झालेल्या आपल्याच माणसाचे काय केले, हा प्रश्न विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही. हा प्रश्न तुम्हाला विचारताना मी स्वतःला वेगळा काढत नाही. ज्या गावांनी हे केले त्या गावांतलेच तुम्ही-आम्ही आहोत.

मी महारोगाविषयी, कुष्ठरोगाविषयी बोलतो आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरकाच्या तेलाचे वर्णन आहे. पश्चिम समुद्रकिनाऱ्याकडच्या रानात वाढणारे हे झाड. मराठीत त्याला कडू कवठ म्हणतात. त्याच्या बियांचे तेल कसे काढावे, ते रोग्याला कसे पाजावे आणि अंगाला कसे लावावे, हे त्या ग्रंथाने बारकाईने सांगितले आहे. ज्याने हे लिहिले त्याने रोगी जवळून पाहिले असणार, त्याची कातडी चाचपली असणार. पण याच ग्रंथाच्या निदानस्थानात दुसरीही गोष्ट आहे. ब्रह्महत्या, स्त्रीहत्या, सज्जनांचा वध, परधनाचे हरण अशा कर्मांमुळे कुष्ठ होते, हा पापाचा रोग आहे आणि त्यातच मृत्यू आला तर तो पुढच्या जन्मीही पाठ सोडत नाही, असे तिथे म्हटले आहे. एका ग्रंथाने आपल्या हाती दोन गोष्टी दिल्या, एक बी आणि एक आरोप. बी कुठे उगवते, ती कशी दळावी, तेल किती द्यावे हे चार वैद्यांखेरीज कुणाच्या लक्षात राहिले नाही. आरोप मात्र ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही पाठ झाला. कीर्तनात तो आला, व्रतांच्या कहाण्यांत आला, भांडणातल्या शिव्याशापांत आला. “तुझ्या अंगावर महारोग फुटेल” हा शाप आपल्या आयाबायांच्या तोंडी कुणी घातला? त्यासाठी कुठलाही राजा आला नव्हता. ज्या समाजाला औषध आठवत नाही आणि पाप आठवते, त्या समाजाची स्मरणशक्ती निवडक आहे, आणि ती निवड त्याने स्वतः केलेली आहे.

पापाची ही समजूत इतकी सोयीची का ठरली, याचाही विचार केला पाहिजे. रोग म्हटला की शेजाऱ्यावर काही कर्तव्य येते: पाणी द्यावे लागते, जखम धुवावी लागते, खर्च करावा लागतो, रात्री जागावे लागते. पाप म्हटले की ही सगळी कर्तव्ये एका दमात संपतात, कारण जो ईश्वराच्या न्यायाने शिक्षा भोगतो आहे त्याच्या मध्ये आपण का पडावे? वऱ्हाडातल्या गावात चट्टा दिसला की आधी ताट वेगळे व्हायचे, मग पाण्याचे भांडे, मग अंथरूण. पुढे गोठ्यात नाही तर मळ्यातल्या झोपडीत मुक्काम. बोटे झडू लागली, नाक बसले, की गाव सुटायचे. गाव सुटलेला माणूस यात्रेच्या वाटेवर, देवळाच्या पायऱ्यांखाली फाटके फडके पसरून बसलेला दिसायचा, आणि त्या फडक्यावर दुरून पैसा टाकून आपण पुण्य घेऊन घरी यायचो. घरचा कर्ता पुरुष असला तरी त्याची सुटका नव्हती, जातीने कितीही वरचा असला तरी नव्हती. उत्तर हिंदुस्थानातल्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत महारोग्यांना जिवंत पुरल्याच्या, पाण्यात सोडल्याच्या हकिगती आहेत. ज्यांनी ते केले ते राक्षस नव्हते. ते रोग्याचे मुलगे होते, भाऊ होते, आणि आपण त्याला मुक्ती देतो आहोत असे त्यांना खरोखर वाटत होते. शिवाशिवीच्या नियमांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या हाताला हे जड गेले नाही. एका माणसाला जन्माने अस्पृश्य ठरवायची सवय एकदा अंगी मुरली, की दुसऱ्याला रोगाने अस्पृश्य ठरवायला नवे काही शिकावे लागत नाही.

कडू कवठाच्या तेलाचे पुढे काय झाले, ते आपल्याला लाज आणणारे आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या इंग्रज डॉक्टरांनी चालमोगऱ्याच्या तेलाची नोंद घेतली. ते याच कुळातले. पोटात घेतले तर ओकारी, वरून चोळले तर गुण जेमतेम, आणि टोचावे तर इतके दाट की कातडीखाली गाठी होऊन बसत. १९०४ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत त्यातले मुख्य आम्ल वेगळे केले गेले. पुढे १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर अॅलिस बॉल नावाच्या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ स्त्रीने त्या तेलातल्या आम्लांना असे रूप दिले की ते टोचता येऊ लागले. १९१६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली, आणि तिच्या कामाचे श्रेय काही काळ दुसऱ्याच पुरुषाच्या नावावर राहिले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स आणि अर्नेस्ट म्यूर यांनी या तेलावर आधारलेल्या उपचारांना वळण दिले. मग दवाखान्यांत एक पद्धत रूढ झाली: रोग्याच्या अंगावरच्या चट्ट्यातच, कातडीच्या थरात, बारीक सुईने ठिकठिकाणी थेंबथेंब तेल सोडायचे. एका चट्ट्यासाठी कितीतरी वेळा टोचावे लागे. आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे. या तेलाने सगळे बरे होत नसत. लवकर आलेल्या काहींना गुण येई, पुष्कळांना येत नसे, आणि १९४० च्या दशकात डॅप्सोनसारखी औषधे आल्यावर ते मागे पडले. पण त्या उपचारात काय करावे लागे याकडे लक्ष द्या. कुणीतरी रोग्याच्या शेजारी बसावे लागे. त्याची पाठ, त्याचा दंड, त्याची मांडी हातात घ्यावी लागे. ज्या तेलाचे वर्णन आपल्या ग्रंथात होते, ते तेल घेऊन आपल्या माणसाच्या कातडीला हात लावायला परमुलखातली माणसे पुढे आली. आपल्याकडे तेल होते, झाड होते, ग्रंथ होता. हात नव्हता.

परतवाड्याजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनऱ्यांनी स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना आणि आसरा उभा केला. त्यावर आपली पहिली प्रतिक्रिया काय होती, हे आपण प्रामाणिकपणे आठवावे: ते लोक बाटवायला आले आहेत. असेल, त्यांच्या मनात धर्मप्रसाराचा हेतूही असेल. पण ज्याला आपण वेशीबाहेर टाकले, ज्याच्या तोंडात पाणी घालायला आपण तयार नव्हतो, तो कुणाच्या धर्मात जातो याची चिंता करण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? माणूस टाकायचा आणि टाकलेला माणूस कुणी उचलला की आपली मालमत्ता चोरीला गेली म्हणून ओरडायचे, ही रीत आपण इतक्या सहज पाळली की तिच्यातली क्रूरता आपल्या ध्यानातही आली नाही. मिशनऱ्यांवर टीका करणाऱ्या सभा झाल्या असतील तितक्या झाल्या. त्या सभांतून उठून कुष्ठरोग्याची जखम धुवायला गेलेले फार थोडे.

ते थोडे आपल्याच मातीतले होते, म्हणून तर आपल्याला सबब उरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना पंगतीला बसवत. ज्यांच्या सावलीला लोक टाळत त्यांना ते आग्रहाने वाढत. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांमध्ये जाऊन राहायला सुरुवात केली. वरोऱ्याला १९४९ पासून बाबा आमट्यांचे काम उभे राहिले. आणि अमरावतीत स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, दाजीसाहेबांनी, १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळामार्फत तपोवन वसवले. गावाबाहेरच्या उजाड माळावर त्यांनी रोग्यांना भिकेऐवजी काम दिले, घर दिले, कुटुंब दिले. शेती, विणकाम, सुतारकाम अशी कामे तिथे झडलेल्या बोटांच्या हातांनी केली. दाजीसाहेब स्वतः होमिओपॅथ होते. त्यांच्याकडे जगावेगळे औषध नव्हते. रोग्याच्या जवळ बसायची त्यांची तयारी होती, आणि तेवढी तयारी त्या काळच्या अमरावतीतल्या हजारो सुशिक्षितांपैकी कुणालाही दाखवता आली असती.

मग आपण या माणसांचे काय केले? त्यांना देवमाणूस म्हटले. त्यांच्या तसबिरी लावल्या, जयंत्या केल्या, सत्कार केले. माणूस देव ठरला की त्याच्यासारखे वागण्याची जबाबदारी इतरांवरून उतरते. ही आपली फार जुनी सोय आहे. दिवाळीत आपण तपोवनात फराळ पाठवतो, मुलाच्या वाढदिवसाला तिथे पंगत घालतो, फोटो काढतो. पण तिथल्या बऱ्या झालेल्या माणसाला आपल्या दुकानात नोकरी देताना, आपल्या चाळीत खोली देताना, तिथे वाढलेल्या निरोगी मुलीला सून म्हणून आणताना आपले पाऊल का अडखळते? दान देऊन आपण अंतर राखतो. फराळाचा डबा फाटकापर्यंत जातो आणि नाते फाटकाच्या अलीकडेच थांबते.

व्यक्तीचे सोडा, आपण मिळून केलेल्या कायद्यांतही हा हात आखडलेला दिसतो. १८९८ चा महारोग्यांविषयीचा इंग्रजी कायदा भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून कोंडण्याची परवानगी देत होता. तो कायदा २०१६ साली रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे कुणाला त्याची लाज वाटली नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे काडीमोडाचे कारण आपल्या स्वतंत्र संसदेने घातले आणि ते २०१९ मध्ये काढले. बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकापासून सिद्ध आहे. तरी आणखी तीसेक वर्षे आपला कायदा बायकोला सांगत राहिला की तुझा कुष्ठरोग असाध्य ठरला तर तुझा नवरा तुला सोडू शकतो. ओडिशात कुष्ठरोगी माणसाला नगरपालिकेची निवडणूक लढवू न देणारे कलम २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकले. हे सगळे अडाणी गावकऱ्यांनी केलेले नाही. शिकलेल्या, कायदा जाणणाऱ्या, प्रबोधनाची भाषा बोलणाऱ्या आपल्या वर्गाने हे केले किंवा होऊ दिले.

आता वर्तमानाकडे येतो, कारण ही जुनी गोष्ट आहे असे समजून कुणी मोकळा श्वास घेऊ नये. २००५ च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. आपण मात्र रोग संपला असे समजून पाठ फिरवली. भारतात आजही वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक, आणि महाराष्ट्र त्यांत मागे नाही. औषध फुकट आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांच्या गोळ्यांचे पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचे. उपचार सुरू झाल्यावर रोगी थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण देण्याजोगा राहत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. तरीसुद्धा हात वाकडे झालेले, पायाला व्रण पडलेले रुग्ण नव्याने सापडतात, कारण चट्टा दिसला त्या दिवशी ते दाखवायला गेले नाहीत. का गेले नाहीत? कारण आपण त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहू हे त्यांना ठाऊक होते. “लेकीची सोयरीक जुळू द्या, मंग दाखवू डॉक्टरले,” असे म्हणणारा बाप मूर्ख नाही. त्याने आपला नीट हिशेब केला आहे, आणि त्या हिशेबातला प्रत्येक आकडा आपण त्याला पुरवला आहे.

मग तो काय करतो? तो झाडपाल्याकडे वळतो. चट्टा फिकट असेल तर कोड समजून बावची, खरखरीत असेल तर गजकर्ण समजून तरोट्याचा पाला, कुणी रुईचा चीक सांगतो, कुणी बिबा. बिब्याच्या तेलाने निरोगी कातडीवरही फोड येतात आणि माणूस कळवळून हात मागे घेतो. तो कळवळा हेच कातडीचे संरक्षण आहे. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो. त्याला चटका कळत नाही. म्हणून तिथे बिबा जास्त वेळ राहतो, जास्त खोल जातो, आणि जिथे फक्त रंग उडाला होता तिथे जखम होते. नसेमधला रोग मात्र कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाजूला आपले काम करतच राहतो, कारण वरून लावलेला कुठलाही पाला तिथवर पोचत नाही. आज त्या पाल्याची जागा आयुर्वेदाचे नाव लावलेल्या मलमांनी आणि पट्ट्यांनी घेतली आहे. घरपोच येतात, कुणाला तोंड दाखवावे लागत नाही, चिकटवली की चट्टा झाकतो. झाडापासून आले ते निरुपद्रवी, ही आपली समजूत धोतऱ्याच्या आणि बिब्याच्या मुलखात कशी टिकली याचे मला नेहमी दुःखद आश्चर्य वाटते. पण या समजुतीमागे झाडांवरचे प्रेम थोडे आणि लपवण्याची गरज फार आहे. आपण लेप लावतो तो बरे होण्याइतकाच न दिसण्यासाठी लावतो. ज्या समाजात दिसणे हाच गुन्हा आहे, तिथे औषधाचेही काम झाकण्याचे होऊन बसते.

आणि बाई असेल तर? तिच्या पाठीवरचा, मांडीवरचा चट्टा कुणी पाहायचा? तिने स्वतः तो पाहिलेला नसतो. ज्वारीची भाकर तव्यावरून बोटांनीच उलटवायची ही आपल्या घरची रीत. करंगळीकडचा भाग बधिर झाला असेल तर भाजलेले कळत नाही. संध्याकाळी भांडी घासताना फोड फुटलेला दिसतो, तेव्हा ती त्यावर हळद दाबते आणि कामाला लागते. पुन्हा भाजते, पुन्हा हळद. बोट आखडू लागते तेव्हा सासू म्हणते, काम नको म्हणून हिचे ढोंग चालले आहे. कुष्ठरुग्णांच्या शोधमोहिमेत आशा कार्यकर्ती, आपली आशाताई, दारात येते, अंगावर कुठे न दुखणारा, न खाजणारा चट्टा आहे का म्हणून विचारते, आणि घरातली वडीलधारी बाई तिला ओट्यावरूनच सांगते, “नाही ओ ताई, आमच्या घरी तसलं कोणालेच काही नाही.” तपासणी करायला आलेल्या ताईला आतल्या खोलीत घ्यायला, सुनेची पाठ उजेडात पाहू द्यायला पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे न दिल्याने त्या सुनेचा हात गेला. तिचे पुढे काय होते हेही आपल्याला ठाऊक आहे: माहेरी पाठवणी, आणि वर्षभरात नवऱ्याचे दुसरे लग्न. हे सगळे आपल्या सोयरीकीत, आपल्या ओळखीच्या घरांत घडते. त्या दुसऱ्या लग्नाच्या पंगतीत आपण जेवतो आणि पहिली कुठे गेली ते विचारत नाही. असे न विचारणे आपण सभ्यपणात जमा केले आहे.

आपले हात असे जन्मतः नव्हते आणि ते असेच राहणार नाहीत. याच अमरावतीत १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, आणि त्यामागे पंजाबराव देशमुखांसारखी माणसे होती. त्या वेळी जे धर्माचे अटळ वचन वाटत होते, त्याचा उच्चारही आज कुणी उघडपणे करू शकत नाही. जन्मावरून शिवायचे नाही हा नियम जसा आपण बनवला आणि मोडायला लागलो, तसा रोगावरून शिवायचे नाही हाही मोडता येतो, आणि याला तर शास्त्राचा संपूर्ण पाठिंबा आहे. शोधमोहिमेत आशाताई आली की घरातल्या मोठ्या माणसाने पहिली आपली पाठ दाखवावी आणि मग सुनेला, मुलींना बोलवावे. ज्याच्या घरी गोळ्यांचे पाकीट चालू आहे त्याच्या घरचा चहा गावच्या सरपंचाने, मास्तरने जाऊन घ्यावा, आणि तो चारचौघांत सांगावा. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाने बरा झालेला चट्टा हे दडवायचे कारण मानू नये आणि वरपक्षाने ते नकाराचे मानू नये. कीर्तनकारांनी, प्रवचनकारांनी निदानस्थानातले ते पाप पुन्हा लोकांच्या कानावर घालणे सोडावे. ज्यांना ग्रंथाचा अभिमान आहे त्यांनी चिकित्सास्थान वाचून दाखवावे.

आणि ज्या मुलांपासून मी सुरुवात केली त्यांच्यासाठी एक काम आहे. संत गाडगेबाबांचे नाव धारण करणारे अमरावतीचे विद्यापीठ तपोवनाच्याच परिसरात उभे आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे. झाडे आहेत, उपकरणे आहेत, शिकवणारे आहेत. कुष्ठरोग बरा झाल्यावरही बधिर तळपायाला व्रण पडतात, ते वर्षानुवर्षे वाहतात आणि त्यांपायी पाय कापायची वेळ येते. असा व्रण भरायला मुख्यतः पायावरचा भार कमी करावा लागतो, मऊ रबराच्या खास चपला लागतात, रोज पाय भिजवून तेल लावावे लागते. आणि जखमेवर बांधायला स्वस्त, ओल शोषणारी, सुन्न आणि वाकड्या बोटांनी एकट्याला बदलता येईल अशी पट्टी लागते. बोकडाच्या कातडीवर मोजमाप करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अशी पट्टी कशी असावी हे त्या पायांच्या धन्यांना जाऊन विचारावे, त्यांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचे पाय हातात घेऊन पाहावे. प्रकल्पांचे विषय वाटताना प्राध्यापकांनी दरवर्षी निदान एका गटाला हा विषय द्यावा, आणि ती वाटणी याच सत्रापासून सुरू करावी.